सव्वा आणि पाऊण

रविवारच्या वर्गाला मी एक तास आधी जायची. नऊचा वर्ग असला की आठला फाटकाशी उभी. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन यायचा, मला बघून मान हलवायचा आणि घरात काही काम नसतं का म्हणून विचारायचा. मी हसून वेळ मारून न्यायची. घरात काम भरपूर होतं. पहाटे नळाला पाणी यायचं ते भरून, दोन लेकरांच्या भाकरी थापून, नवऱ्याचा डबा झाकून मी निघायची. पण उशीर झाला आणि सगळे बसलेले असताना मी दारातून आत शिरले, तर कुणीतरी विचारील, ही कोण, हिला आत कुणी घेतलं, असं मला वाटायचं. आधी जाऊन बसलेल्या माणसाला कुणी असं विचारत नाही.

तेव्हा मी चौतिशीत होते. वडवणीच्या बाजूच्या आमच्या गावापासून हैदराबाद तसं एका दिवसाच्या वाटेवर, पण मला ते फार लांब वाटायचं. नवरा तिथे कारखान्यात फिटर होता म्हणून आम्ही तिथे. मी आठवी अर्धी सोडलेली. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी विद्यापीठाची एक पात्रता परीक्षा असते, असं नवऱ्याला कँटीनमध्ये कुणी सांगितलं आणि तो फॉर्म घेऊन आला. मी म्हटलं, कशाला, लोक हसतील. तो म्हणाला, "हसू दे की. तू तेवढं आकडे नीट लिही." ती परीक्षा मी पास झाले, मग पहिलं वर्षही. दुसऱ्या वर्षाला मी गणित घ्यायचं म्हटलं तेव्हा मात्र अभ्यासकेंद्राच्या प्रमुखांनी माझे कागद दोनदा उलटून पाहिले. म्हणाले, आठवीपण पुरी नाही आणि गणित? समाजशास्त्र घ्या, सोपं जाईल.

गणित मला कावून, म्हणजे का, पाहिजे होतं ते तेव्हा सांगता आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळा सोडली तेव्हा आमच्या बाईंनी नुकतंच बीजगणित सुरू केलं होतं. पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग मी न शिकताच परत केला. त्या अर्ध्या भागात काय असेल हा विचार मला वीस वर्षं अधूनमधून यायचा, एखाद्या लग्नातून जेवण व्हायच्या आत उठून यावं लागलं की येतो तसा.

गणिताच्या मॅडम तिथेच बसल्या होत्या. त्या तेलुगू, पण बोलायच्या हैदराबादी हिंदी, आणि ती बोली ऐकली की मला आमच्याकडच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटायचं. त्यांचं बोलणं मी इथे माझ्या भाषेतच लिहिते. त्या प्रमुखांना म्हणाल्या, पहिल्या चाचणीपर्यंत बसू द्या, पास झाली तर राहील, नाही झाली तर मीच तिला समाजशास्त्रात नेऊन सोडते. तसं एका कागदावर लिहून माझी सही घेतली. चाळीस मार्कांची चाचणी, पास व्हायला सोळा लागायचे. त्या बाईंनी माझ्यासाठी शब्द खर्च केला होता, आणि तो वाया जाईल या धास्तीने मला त्या दोन महिन्यांत जेवण गोड लागलं नाही.

विषय होता अनेक चलांचं कलनशास्त्र. नावच एवढं जड की मी ते घरी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या रविवारी मॅडमनी फळ्यावर एक वाकडी चादर काढली, दोरीवर वाळत घातल्यासारखी, आणि म्हणाल्या, ही उंची आहे, आणि ती दोन गोष्टींवर ठरते. दोन्ही बदलल्या तर गोंधळ होतो, म्हणून एक धरून ठेवायची आणि दुसरी हलवून बघायची. मग त्या हलवण्याची खूण म्हणून त्यांनी शेपटी वळलेला एक डी काढला. माझ्या शेजारी बसणारा बँकेतला मुलगा पुटपुटला, गेलं आता सगळं.

माझं मात्र इथे जरा जमलं, आणि त्याचं श्रेय गावच्या दूध सोसायटीला. दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी आमच्याकडे सहकारी सोसायटी निघाली. म्हशी कुठून कुठून आणल्या आणि रोज सकाळी देवळासमोर दुधाची रांग लागायला लागली. आकडे वाचता येणारी पोरगी म्हणून सेक्रेटरी काकांनी मला तिथे बसवलं. दुधात काचेची नळी सोडायची, ती किती वर तरंगते ती डिग्री बघायची. बाजूच्या यंत्रावर काका फॅट काढायचे. भिंतीवर एक मोठा तक्ता होता, उभ्या बाजूला डिग्री, आडव्या बाजूला फॅट, आणि दोन्ही जुळवली की दूध कसं आहे ते चौकटीत लिहिलेलं. डावं बोट फॅटवर घट्ट धरायचं आणि उजवं डिग्रीवरनं खाली सरकवायचं. काका म्हणायचे, दोन्ही बोटं एकदम हलवू नको गं, न्हाईतर पाण्याला दूध म्हणशील. लग्न होईपर्यंत चार वर्षं मी ते केलं. आता मॅडमचा शेपटीचा डी बघून मला कळलं, हे तर माझं डावं बोट आहे.

म्हणून चाचणीतले पहिले दोन प्रश्न मला बऱ्यापैकी आले. तिसरा होता तळ्याचा. एका तळ्याचे चौकोन पाडलेले, चौकोनांच्या कोपऱ्यांवर पाण्याची खोली लिहिलेली, आणि सगळ्या तळ्यात पाणी किती मावतं याचा अंदाज काढायचा. प्रत्येक चौकोनासाठी डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातली खोली घ्या, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मला ते पूर्ण कळलंही. आणि मग मी भराभर गणित केलं, बेरीज तपासली, आणि चाचणी संपायच्या दहा मिनिटं आधी खुशीत बसून राहिले. चौथा प्रश्न मला येत नव्हता, पण तीन पुरेसे होते.

पुढच्या रविवारी कागद मिळाले. पहिल्याला सात, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला शून्य. तेरा.

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि वर्ग संपेपर्यंत फळ्यावरचं काहीही न समजता उतरवून घेत राहिले. सगळे गेल्यावर मॅडमना सांगायला गेले की समाजशास्त्राच्या वर्गाची खोली कुठली ते तेवढं दाखवा. त्या म्हणाल्या, बसा आधी. कागद काढायला लावला. एका चौकोनावर पेन्सिल टेकवली. त्याच्या कोपऱ्यांवर दोन, तीन, तीन आणि पाच असे आकडे होते. डाव्या-खालचा होता दोन.

"इथे तुम्ही पाच घेतलाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या चौकोनात सहा. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात मोठा. चुकून एखादा झाला असता तर मी समजले असते. पण तुम्ही शोधून शोधून मोठाच घेतलाय. का?"

मी बघितलं. खरंच होतं. लिहिताना मला हे मुळीच जाणवलं नव्हतं. आणि कारण कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, मॅडम, ही आमच्या टोळीची खोड आहे.

मग मी त्यांना सांगितलं. बहात्तरला आमच्या गावच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. माय, मी आणि भावकीतली सहा-सात माणसं अशी आमची टोळी. पुरुष खोदायचे, आम्ही पाट्या वाहायच्या. मापावर काम होतं. किती माती काढली त्यावर मजुरी. आता खड्डा खोदून झाल्यावर तो किती खोल खोदला हे कशावरून कळणार? जमीन तर कुठे उंच, कुठे सखल. म्हणून खड्ड्याच्या मधे मातीचा एक खुंट न खोदता तसाच राखायचा. त्याचा माथा म्हणजे मूळची जमीन. माथ्यावरचं गवतसुद्धा जागचं हलू द्यायचं नाही, कारण मापाचा कारकून आधी गवत बघायचा, वरून माती थापली की काय म्हणून. आम्ही त्या खुंटाला मटाम म्हणायचो. सरकारी कागदात त्याला काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. माथ्यापासून तळापर्यंत फूटपट्टी लावायची, तेवढी खोली सगळ्या खड्ड्याची धरायची.

मॅडम म्हणाल्या, म्हणजे खुंट उंचवट्यावर राखला तर खोली जास्त भरते.

"तेच," मी म्हटलं. "आणि उंचवटा शोधायचं काम माझं होतं."

त्या कामाला डोळे चांगले लागायचे. पहाटे, ऊन अजून तिरपं असताना, मी जमिनीवर पालथी पडून गाल मातीला लावायची. मग जे उभ्याने सपाट दिसतं त्यात वाफ्यासारखे चढउतार दिसायला लागतात आणि प्रत्येक उंचवट्याला बारीक सावली पडते. मी तिथे दगड ठेवायची. टोळीतले लोक म्हणायचे, पोरीचं गणित भारी हाय. महिनाभर आमचं माप सगळ्या तलावावर सरस भरत होतं. शाळा सुटल्याचं दुःख मी त्या दिवसांत त्या दगडांवर विसरले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग कारकुनाच्या ध्यानात आलं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याच्यावरही कुणी होतं. तो सकाळीच यायला लागला आणि काठीने दाखवायला लागला की मटाम इथे ठेवा. तो दाखवायचा ती जागा हमखास खळगी असायची. आता आमचं माप एवढं उतरलं की माणसं त्याच्या अंगावर धावून जायच्या बेताला आली. आठवडाभर रोज तेच. एके दिवशी माय पाटी खाली ठेवून सरळ मटामाच्या माथ्यावर जाऊन बसली, गवतावर, म्हणजे मापच घेता येऊ नये. कारकून म्हणाला, मावशी, उठा. ती उठेना.

"सायेब, आमी वरचं धरतो, तुमी खालचं धरता," माय म्हणाली. "दोगं बी लबाड हावोत. खड्ड्याचे चार वाटे करा अन् चार मटाम ठेवा."

"चार-चार मोजत बसायला मला येळ कुठाय?"

"तुमी कावून मोजता? ही हाय की. आटवीपस्तोर शिकलीय."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं. फूटपट्टी माझ्या हातात दिली, बहुतेक चेष्टेनेच. दुसऱ्या दिवशी नव्या खड्ड्यात चार मटामं राखली, मी चारही मोजली, बेरीज केली, चारने भागलं. आकडा त्याच्याही मनासारखा नव्हता आणि आमच्याही. पण त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. सगळे आपापली सुकडी खात बसले, पिठाचा तो गोडसर भुगा कामावरच वाटायचे. त्यानंतर आमच्या खड्ड्यात चारच असायची. मी सवयीने प्रत्येक वाट्यात उंच जागा शोधायची, कारकूनही सवयीने खळगी दाखवायचा, पण एवढ्याशा वाट्यात चढउतार तो किती असणार. त्याचं धरलं काय, माझं धरलं काय, बोटभर फरक. भांडायला दोघांनाही लाज वाटायची.

मॅडमनी पेन्सिल कागदावरून उचलली. मग म्हणाल्या, तिसऱ्या प्रश्नाचे मार्क मी देऊ शकत नाही. विचारलं होतं एक, तुम्ही केलं दुसरं. मी म्हटलं, हो मॅडम, बरोबर आहे. मी उठायला लागले. त्या म्हणाल्या, पण पाचाच्या आत मार्क कमी पडले तर तोंडी परीक्षा मागता येते, असा नियम आहे. पुढच्या रविवारी फळ्यापाशी. आणि जाताना म्हणाल्या, गाल जमिनीला लावून या.

त्या आठवड्यात मी काय वाचलं ते मला आठवत नाही. नवऱ्याने रोज भांडी घासली एवढं आठवतं, आणि घासताना तो धाकट्याला सांगत होता की तुझ्या आईची केस लागलीय, तारीख रविवारची.

रविवारी प्रमुखही येऊन बसले होते, मागच्या बाकावर. मॅडमनी फळ्यावर एक चौकोन काढला, लांबी एक, रुंदी एक. म्हणाल्या, ही जमीन. कोणत्याही ठिकाणी उंची म्हणजे इकडचं अंतर अधिक तिकडचं अंतर. एका कोपऱ्यात शून्य, समोरच्या कोपऱ्यात दोन, बाकी तिरपा चढ. या जमिनीवर किती माती आहे ते काढा. सूत्र नको. तुमच्या तलावावर काढाल तसं.

मी फळ्यावर इतक्या जोरात टेकवला की पहिला खडू तुटला. मी विचारलं, एकच मटाम ठेवू का? त्या म्हणाल्या, आधी एकच ठेवा.

एकच, तर टोळीचं माप दोन, कारण सगळ्यात उंच कोपरा दोन. कारकुनाचं माप शून्य. मी दोन्ही लिहिले. मागून प्रमुखांचा खोकला आला. मी घाईने म्हटलं, थांबा, चार वाटे करते. प्रत्येक वाट्यातला उंच कोपरा घेतला, बेरीज केली, वाट्याच्या क्षेत्रफळाने गुणलं. टोळीचं माप दीड. कारकुनाचं अर्धा. मग प्रत्येक वाट्याचे पुन्हा चार, म्हणजे सोळा चौकोन. इथे मला वेळ लागला. मी प्रत्येक आकडा पुटपुटत लिहीत होते आणि शेवटी भागाकार केला तेव्हा एका बाजूला सव्वा आलं आणि दुसऱ्या बाजूला पाऊण.

मी ते आकडे बघत उभी राहिले. सव्वा आणि पाऊण. दूध सोसायटीत, बाजारात, घरात पिठाच्या डब्यात, जन्मभर मी हे दोन आकडे उच्चारले होते. विद्यापीठाच्या फळ्यावर ते भेटतील असं कधी वाटलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, पुढे?

"पुढे अजून वाटे केले तर टोळी खाली येत राहील आणि कारकून वर येत राहील," मी म्हटलं. "दोघं एक या आकड्यापाशी भेटतील. माती एक आहे."

"एकच कशावरून? दोघांनी मधेच कुठेतरी भांडण थांबवलं तर?"

एरवी असा प्रश्न ऐकून मी गांगरले असते. पण तो मला ओळखीचा होता. तलावावर रोज तोच होता. मी म्हटलं, कितीही वाटे केले तरी टोळीचं माप एकापेक्षा कमी होणार नाही आणि कारकुनाचं एकापेक्षा जास्त होणार नाही. दोघांमधला फरक दर वेळी निम्मा होतोय. दोन होता, मग एक झाला, आता अर्धा राहिला. तुम्ही म्हणाल तेवढा तो बारीक करून देते. मग भांडायला जागा कुठे राहते?

मॅडम प्रमुखांकडे वळून म्हणाल्या, सर, पुढच्या महिन्यात मी वर्गाला दुहेरी संकलनाची व्याख्या देणार आहे ती हीच. प्रमुख उठले, माझा जुना सहीचा कागद त्यांनी खिशातून काढला, बघितला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून दिला. जाताना मला एवढंच म्हणाले की खडू सांभाळून धरत जा.

बाहेर आल्यावर मी फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेतला, एकटीने, आयुष्यात पहिल्यांदा. शिपायालाही एक दिला.

मे महिन्यात लेकरांना घेऊन गावी गेले. परळीपर्यंत रेल्वे, मग एसटीने सिरसाळ्यावरनं वडवणी. त्या वर्षीही पाऊस कमी झालेला, आणि पाझर तलाव तळापर्यंत आटलेला. संध्याकाळी शेळ्या वळवायला माय तिकडे निघाली तेव्हा मीही गेले. तळात भेगा पडल्या होत्या आणि एका कडेला जुन्या खड्ड्यांच्या खुणा दिसत होत्या. एका खड्ड्यात एक मटाम उरलं होतं. काम संपायच्या आठवड्यात त्याचं माप राहून गेलं असणार. मुरूम कडक म्हणून टिकलं, पण वीस वर्षं पाण्याखाली राहून गुळगुळीत आणि गुडघाभर झालेलं.

माय त्याच्यावर टेकली. मी तिला चाचणीचं सगळं सांगितलं, शून्य मिळाल्याचंसुद्धा. तिला मार्कांचं काही वाटलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"म्हंजे तवा माप आपलं खरं व्हतं का त्येचं?"

"कुनाचंच नव्हतं, माय. मधलं खरं होतं."

"मंग चार ठेवले त्येच बरं केलं," ती म्हणाली, आणि शेळीला हाक मारली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुज्या मॅडमला सांगितलंस का, चारचं कुनी काडलं त्ये?"

"सांगितलं की. त्या म्हणाल्या, तुमच्या आईला घेऊन या."

माय पदर तोंडाला लावून हसली. मग विचारलं, आता पास झालीस तर वर्गाला तासभर आधी जायचं सोडलंस का. मी म्हटलं, नाही, अजून जाते. भीती जात नाही गं.

"जा की आदी. जिमीन बगायची तर उनं वर यायच्या आत बगावं लागतंय," ती म्हणाली.

ऊन उतरत होतं. लेकरं भेगांतून उड्या मारत पलीकडे गेली होती. मी इकडेतिकडे कुणी बघत नाही हे पाहिलं, गुडघ्यांवर बसले आणि गाल मातीला लावला. तलावाचा सगळा तळ, जो उभ्याने परातीसारखा सपाट दिसत होता, तो हळूहळू चढउतारांनी भरत गेला, आणि प्रत्येक चढाला आपली बारीक सावली होती.

"दिसतंय का?" मायने वरनं विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं.